बेट

अंबडच्या नकाशात आमचा प्लॉट डब्ल्यू एकशे सतरा,
टेम्पोवाल्यांच्या तोंडी मात्र ‘बेट’.
का, ते कुणी नक्की सांगत नाही.
दोन्ही अंगांनी नाला, म्हणून असेल;
किंवा मागच्या कुंपणाशी बांबूचं बेट होतं,
सासऱ्यांनी शेड वाढवताना तोडलं,
त्याची आठवण असेल.
मराठीची ही खोडच:
पाण्यानं वेढलेलं तेही बेट,
एका मुळातून दाटीनं वर आलेलं तेही बेट.

नऊ वर्षं मी इथं क्रोम चढवते.
नळाच्या तोट्या, दाराच्या मुठी,
गेल्या दिवाळीपासून ट्रॅक्टरचे लिव्हर.
लोखंड टाकीत उतरतं मळकट,
आणि वर येतं तेव्हा त्यात
हौशीराम बोडक्यांचा चष्मा दिसतो.

हौशीराम सव्वीस वर्षं टाकीवर.
नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडलंय.
‘दुखत नाही हो ताई,’ म्हणतो,
‘फक्त झोपेत शिट्टी वाजते.’

माझ्या टेबलावर दोन वह्या.
एक पैशांची, ती बँकेला दाखवायची.
दुसरी पाण्याची: इतकं आलं, इतकं फिरवून वापरलं,
आणि शेवटच्या रकान्यात, बाकी.
सासऱ्यांच्या वेळी हा रकानाच नव्हता.
बाकी रात्री नाल्यात जायची,
नाल्यातून नासर्डीत, नासर्डीतून गोदेत,
आणि गोदेत गेल्यावर कोण कशाला विचारतंय.

एका जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरला गेले होते.
धरणाच्या उथळ पाण्यात चमचा पक्षी
चपटी चोच गाळात फिरवत होता,
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
अगदी हौशीराम टाकी ढवळतो तसा.
मला दुर्बीण नीट धरता येईना.

मग चाकणहून सोनवलकरांचा फोन.
‘मॅडम, महिन्याला चाळीस हजार नग. घेता?’
चाळीस हजार म्हणजे तिसरी टाकी.
तिसरी टाकी म्हणजे पाणी आटवून परत घेणारं मशीन,
नाहीतर पुन्हा ती रात्र, तो नाला.
हिशेब केला, पुन्हा केला.
नगामागं एक रुपया चाळीस पैसे वाढले.

‘चकाकी तीच ना?’ सोनवलकर म्हणाले.
तीच.
‘मग हे एक चाळीस कसले?’
पाण्याचे, म्हटलं.
पलीकडं कुणीतरी चहात साखर ढवळत होतं,
तेवढंच ऐकू आलं बराच वेळ.

त्या आठवड्यात चौदाही जण
जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं बघत होते.
शेवटी हौशीरामच आला.
‘तिसरी टाकी कधी, ताई?
धाकटीची नर्सिंगची फी आहे. ओव्हरटाइम लागेल.’
चष्मा पुसत होता. डोळे लाल.
मी त्याच्या नाकाकडं बघितलं, आणि मग वहीकडं,
आणि कुठल्या वहीकडं, ते आता आठवत नाही.

पंचवीस हजारांवर सही केली.
ऐंशी पैसे त्यांनी मानले.
उरलेल्या साठांसाठी माझी गाडी विकली,
आणि तरी पुरत नाहीत, कर्जाचा हप्ता पाच तारखेला येतोच.
मशीन रात्रभर घोंघावतं.
तळाशी हिरवट गाळ साचतो, तो पोत्यात भरून
रांजणगावला पाठवतो, त्याचं वेगळं बिल.
तो तिथं नेमका कुठं पुरतात, हे मी अजून विचारलेलं नाही.
दुसऱ्या वहीत काल बाकी होती
तीनशे चाळीस लिटर.
खाडाखोड न करता लिहिली.

मागच्या कुंपणाशी बांबूची चार रोपं लावली.
सोनवलकरांचा माणूस तपासणीला आला तेव्हा
त्यांचा फोटो काढून घेऊन गेला,
अहवालात हिरवं काहीतरी लागतं म्हणे.
तीन वाळली.
चौथ्याला या महिन्यात कोंब आलाय,
बोटाएवढा, तपकिरी, अंगावर लव.

दुपारी टाक्या थंडावतात.
हौशीराम त्या कोंबाशेजारी सावलीत आडवा होतो,
चष्मा छातीवर.
थोड्या वेळानं
शिट्टी वाजू लागते.